दोन लॅपटॉप, एक तूर

लॅपटॉप उघडून परत बंद केला की एखादा स्क्रू हमखास उरतो. आम्ही तो फेकत नाही, डबीत टाकतो. किस्सेही असेच साठत गेले. अमरावतीत आमचं लॅपटॉपचं छोटंसं दुकान आहे. विक्री मी बघतो, दुरुस्ती माझा पार्टनर रफिकभाई. तो मूळचा अकोल्याचा. गिऱ्हाईक भांडायला आलं की मी आधी पाणी देतो आणि रफिकभाई आधी स्टूल देतो. का, तर "खडे खडे आदमी ज्यादा चिल्लाता है!"

भांडायला येणाऱ्यांचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. खोक्यावर मॉडेल तेच, नंबर तोच, किंमत तीच, आणि आत मात्र कंपनीनं गुपचूप दुसरंच काहीतरी भरलेलं. ना आम्हाला कळवलेलं, ना गिऱ्हाइकाला. शिव्या मात्र आम्हाला!

*

एकाच स्टाफरूममध्ये शेजारी बसणारे दोन सर. पहिल्यांचा लॅपटॉप बघून दुसऱ्यांनी तोच घेतला आणि दुसऱ्याच दिवशी फणफणत आले.

"त्याच्या कीबोर्डाखाली लाइट लागते. माझ्यात काहून नाई?"

कंपनीनं या वेळच्या मालात तो लाइट काढून टाकला होता. मी समजावलं, सर समजेनात. शेवटी रफिकभाईनं यूएसबीला लावायचा एक छोटा दिवा त्यांना फुकट दिला. सर खूश होऊन गेले.

संध्याकाळी पहिले सर दारात हजर. "त्याले दिवा देला म्हनते. मले काहून नाई?"

*

एक जावईबापू सपत्नीक आले. साळ्यानं लॅपटॉपमध्ये जास्तीची रॅम टाकून घेतली, म्हणून यांनीही रॅम विकत घेऊन आणलेली. मॉडेल तेच. रफिकभाईनं मागचं झाकण काढलं, तर रॅम बसवायची खाचच नाही! साळ्याच्यात होती, यांच्यात कंपनीनं दिलीच नव्हती.

जावईबापू लालबुंद. "त्याच्यात जागा हाय अन् माझ्यात नाई? असं कसं?"

बायको शांतपणे म्हणाली, "मी तं लग्न झाल्यापासून हेच सांगून राहिली."

*

शेवटी रफिकभाईनं स्वतःच कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. "सर, बॉक्स पर लिखा है ना, बिना पूर्वसूचना के पुर्जे बदले जा सकते हैं."

रफिकभाई म्हणाला, "बेटी, तेरी शादी के कार्ड पे भी ऐसा लिखेंगे क्या? दूल्हा बिना पूर्वसूचना के बदला जा सकता है?"

मुलगी इतकी हसली की फोनच कटला. त्याच्या तक्रारीचं पुढे काहीही झालं नाही.

*

पण पुंडलिकभाऊ आले तेव्हा आमच्यापैकी कुणालाच हसू आलं नाही.

पुंडलिकभाऊ तेल्हाऱ्याकडचे. त्यांची मुलगी अनुजा आणि पुतणी मेघा, दोघी अमरावतीत इंजिनिअरिंगला, एकाच खोलीत राहणाऱ्या. धाकटा भाऊ गेला तेव्हा मेघा रांगत होती, तेव्हापासून ती यांच्याच घरात वाढली. आमच्याकडून लॅपटॉप घेताना पुंडलिकभाऊंनी बॅगा एका रंगाच्या, माउस एका रंगाचे, असं सगळं जोडीनं घेतलं होतं. मी कौतुकानं काही बोललो तर म्हणाले, "फ्राक घेतला तं दोन सारखे, सायकल घेतली तं दोन सारख्या. फरक नाई झाला पायजे, बस."

पोरींना देण्याआधी पूजा करायची म्हणून लॅपटॉप त्यांनी गावी नेले. पाटावर शेजारी शेजारी मांडले, हळदीकुंकू वाहिलं आणि दोन्हींच्या स्क्रीनवर आपल्या वावरातल्या तुरीचा फोटो लावला. तिसऱ्या दिवशी ते दोन्ही बॅगा घेऊन आमच्यासमोर उभे. स्टूल दिलं तरी बसेनात.

"हे पाय. याच्यात तूर हिरवीगार. अन् याच्यात? अळी लागल्यावानी!"

खरंच होतं. एकाचा स्क्रीन लखलखीत, दुसऱ्याचा फिक्का, मेलेला. कंपनीनं एकाच मॉडेलमध्ये दोन जातींचे स्क्रीन भरले होते. बदलून द्यायला दुकानात तसा लॅपटॉप उरला नव्हता. कंपनी म्हणाली, दोन्ही चालू आहेत ना, मग बदलायचा प्रश्न येत नाही.

"चांगला मेघाले द्या," मी म्हणालो.

"ते घेनार नाई. आपल्यावर मेहेरबानी करून राहिले, असं वाटन तिले. अन् अनुजाले देला तं..." पुंडलिकभाऊ थांबले. "तं माया भावाले मी काय तोंड दाखवू?"

मग भाऊच म्हणाले, "चांगल्याचा उजेड कमी कर."

सगळी दुपार आम्ही तिघं दोन स्क्रीन समोर ठेवून बसलो. उजेड उतरवला, रंग उतरवले. भाऊ सांगत होते, "अजून हिरवी दिसून राहिली, अजून मार." शेवटी दोन्ही तुरी सारख्याच आजारी दिसायला लागल्या तेव्हा कुठे त्यांनी चहा घेतला. रफिकभाई पुटपुटला, "जिंदगीभर लोगों की स्क्रीन सुधारी. आज पहली बार बिगाड़ी, और कितना सुकून मिला, यार!"

मग त्यानं दोन्ही लॅपटॉप सारख्या बॅगांत घातले आणि आत नेऊन बॅगा इकडच्या तिकडे केल्या. कोणत्या बॅगेत कोणता, हे भाऊंनाही कळू नये म्हणून. भाऊंनी त्याचे दोन्ही हात धरले.

*

पुढच्या उन्हाळ्यात त्या दोघी दुकानात आल्या. अनुजाच्या लॅपटॉपवर चहा सांडला होता. मेघा बाहेर स्कूटी लावत होती. मी लॅपटॉप सुरू केला आणि सवयीनं उजेड वाढवला. स्क्रीन लखकन उजळला. भाऊंचा तो चांगला लॅपटॉप हाच!

अनुजानं झटकन बटण दाबून उजेड होता तिथे आणून ठेवला. दाराकडे बघत हळूच म्हणाली, "काका, राहू द्या. मी तिच्याएवढाच ठेवते. तिले नका सांगू."

मी मान हलवली.

थोड्या वेळानं अनुजा आत रफिकभाईकडे कीबोर्ड दाखवायला गेली आणि मेघा काउंटरपाशी आली.

"काका, तिच्या लॅपटॉपचा उजेड वाढवून द्या ना. अंधारात वाचून डोये दुखतात तिचे. मले माहीत हाय, तिचा चांगला हाय थे. पन मले माहीत हाय, हे तिले नका सांगू."

तेवढ्यात माझा फोन वाजला. तेल्हाऱ्याहून पुंडलिकभाऊ.

"पोरी आल्या का तिथं? लॅपटॉप पायले का तुमी?" मग आवाज एकदम खाली आला. "दोनी सारखेच दिसून राहिले ना?"

मी आतल्या अनुजाकडे बघितलं, समोरच्या मेघाकडे बघितलं.

"सारखेच आहेत भाऊ," मी म्हणालो. "काडीचा फरक नाही."