चौदा नंबरची खोली

"बाहेरचंच हाय गो. पोर रडून मरतंय नि हिला पत्ता नाय," काकी भांडी घासता घासता शेजारणीला सांगत होती. मी आतल्या खोलीत वहिनीचं तान्हं बाळ मांडीवर घेऊन बसले होते. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडलेली... तिलाही ऐकू गेलंच असणार.

अंगात येणं, बाहेरचं लागणं यावर माझा विश्वास नव्हता. आजही नाही. म्हणून तर हे लिहिताना अजून चिडचिड होते.

साल १९९९. खर्डी स्टेशनपासून रिक्षाने वीस मिनिटांवर आमचं गाव. मी मामाकडे कल्याणला राहून इंग्लिश मीडियममध्ये शिकलेली. माझं मराठी पुस्तकी, म्हणून तोंड उघडलं की काकी म्हणायची, "मॅडम बोलल्या." मग मी गप्पच बसायचे. बघायचे मात्र सगळं. बाळंतपणानंतर दीड महिन्यात वहिनीचं जेवण तुटलं, झोप गेली. एका दुपारी ती मला हळूच म्हणाली, "ताई, मी नसले तर बाळाला तुमी बघाल ना?"

एका इंग्लिश मासिकात मन खचलेल्यांसाठी मदतीच्या फोनचा नंबर छापलेला होता. खर्डीच्या एसटीडी बूथवरून तो लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं — तिला एकटं सोडू नका, मरणाचे विचार येतात का असं सरळ विचारा, विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, आणि डॉक्टरला दाखवा. मी वहिनीला विचारलं. "रोज येतात," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच रडली.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी ठाण्याच्या एका सरकारी दवाखान्यात गेले. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं — मानसोपचाराची ओपीडी मंगळवारी, नऊच्या आत केसपेपर, अकरा नंबरची खोली. औषधं देतात, बोलायला समुपदेशक बाई असतात. जास्त बिघडलं तर मंगळवारची वाट बघू नका, केव्हाही आणा.

घरी तीनदा विषय काढला. बाबा म्हणाले, "वेड्यांचा डॉक्टर? गावात तोंड दाखवायचंय मला." वार, वेळ, खोली — तिथपर्यंत मला कुणी बोलूच दिलं नाही.

रविवारी सकाळी दादाने जीप ठरवली आणि आम्ही सगळे मुरबाडच्या बाजूला एका भगताकडे गेलो. साठीचा माणूस, कल्याणच्या पुढे कधी न गेलेला. वहिनीवरून ओवाळून आणलेले तांदूळ त्याने सुपात पसरले, घुमायला लागला... आणि एकदम थांबला. हजेरी घेणाऱ्या मास्तरासारख्या साध्या आवाजात म्हणाला, "मंगळवारी ठाण्याला न्या. नऊच्या आत. चौदा नंबरची खोली. तवर हिला एकटी सोडू नका."

वार, वेळ तीच. तरी मनात म्हटलं, चौदा नाही, अकरा.

तो भानावर आल्यावर मी त्याला गाठून विचारलं, ठाण्याचं हे कुणी सांगितलं. तो म्हणाला, "मी काय बोललो ते मला नाय ठावं, पोरी."

अंगातलं बोलणं म्हणजे आमच्याकडे हुकूम. त्याच बाबांनी सोमवारीच पिशवी भरून ठेवली. काकी वहिनीजवळ झोपली. मी डॉक्टरचं नाव काढलं तेव्हा मला पुढे बोलूच दिलं नव्हतं.

मंगळवारी अकरा नंबरला कुलूप. दारावर खडूने लिहिलेलं — ओपीडी खोली १४. शिपाई म्हणाला, रंगकाम निघालंय, कालच हलवलं. काल म्हणजे सोमवारी. भगत बोलला होता रविवारी.

मी खूप डोकं लावलं. वार आणि वेळ त्याला दुसऱ्या कुणा पेशंटकडून कळली असेल. पण चौदा?

गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत वहिनी जेवायला लागली, बाळाशी बोलायला लागली. घरात भगताला द्यायला नारळ आणि कोंबडी तयार झाली, पुन्हा जीप ठरली. काकी सगळ्यांना सांगत होती, देवानं वाट दाखवली. डॉक्टरांनी बजावलं होतं की बरं वाटलं तरी गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. आणि बाबा जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "आता त्या गोळ्या बंद करायच्या का, तेवढं भगताला इचारून घेऊ."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी जीपच्या दारात उभी राहिले. जीपमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"गोळ्या बंद होणार नाहीत. हे कुणाच्या अंगात येऊन सांगायची गरज नाही, बाबा. मी सांगतेय."