अप्पा आणि रॉकचा कार्यक्रम

जुना टेपरेकॉर्डर तापला की त्याच्या धुळकट वासासरशी मला धारवाडच्या कॉलेजातलं सभागृह आठवतं. मैत्रिणीकडच्या कॅसेटवर ऐकून मी ज्याच्यासाठी वेडी झाले होते, तो बेंगळूरचा रॉक बँड तिथे वाजवणार होता आणि अप्पांनी मला पाठवलं, ते स्वतः सोबत येऊनच. हुबळीतलं दुकान लवकर बंद करून, काळी टोपी घालून ते माझ्याशेजारी बसले. पहिल्याच गाण्याला ड्रम असे दणाणले की खुर्च्या थरथरल्या, आणि अप्पा ताडकन उठून बाहेर गेले. आता मलाही बोलावतील, म्हणून मी रडकुंडीला आले. थोड्या वेळाने ते परतले, दोन्ही कानांत कापूस कोंबून. "तू ऐक की गं, मी बसलोय," ते ओरडूनच म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. पुढे कितीतरी कार्यक्रम पाहिले, पण तेवढं निवांत होऊन पुन्हा कधी ऐकलं नाही.