शिट्टीकाकांनी सांगितलं नाही

शिट्टीकाका सत्तावीस मोहिमांना गेले. पण बेस कॅम्पच्या वर त्यांनी एकदाही पाऊल टाकलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "डोंगर खालूनच बरा दिसतो. वर गेलं की पायाखाली जातो, मग बघायचं काय?" ते मोहिमांचे स्वयंपाकी. तेवढ्या उंचीवर पाणी लवकर उकळतं, पण त्यात बटाटासुद्धा धड शिजत नाही. म्हणून त्यांचा सगळा संसार दोन मोठ्या कुकरांवर. शिट्टी वाजली की माणसं तंबूंतून डोकी बाहेर काढायची. नाव तिथूनच पडलं.

विशीत ते बेस कॅम्पपर्यंत ओझी वाहायचे. गुडघ्यानं दगा दिला तेव्हा मास्तरांनी त्यांना चुलीपाशी आणून बसवलं. मास्तर म्हणजे मोहिमेचे मुख्य गाइड. आधी शाळेत कवायत शिकवायचे, ती सवय आवाजात राहिली होती. मोहिमेला आलेल्या पाहुण्यांना ते पहिल्याच दिवशी जेवणाच्या तंबूत बसवून सांगायचे, "पहिले दोन आठवडे तुम्हाला वाटेल, आपण उगाच वर-खाली करतोय. वर जायचं, सामान ठेवायचं, खाली येऊन झोपायचं. शरीराला उंची अशीच पचते. धाप लागेल, झोप उडेल, जेवण मातीसारखं लागेल. ते सगळं चालतं. पण डोकं ठणकलं, उलटी झाली, तर मला सांगायचं. बरं वाटेपर्यंत एक पाऊल वर नाही. बरं वाटलंच नाही तर खाली. शिखर काही पळून जात नाही."

सगळे माना डोलवायचे, आणि निम्मे लोक लपवायचे. चार-चार वर्षं तयारी करून आलेला माणूस डोकेदुखीपायी परत कसा जाईल? म्हणून रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन मोजून झाला, की मास्तर स्वयंपाकाच्या तंबूत डोकावायचे आणि विचारायचे, "काका, ताटं काय म्हणतात?"

माणूस खोटं बोलतो, ताट बोलत नाही, असं मास्तरांचं मत होतं. कुणी किती टाकलं, कुणी नुसतं चिवडलं, कुणी सूप शेजाऱ्याच्या वाटीत ओतलं, हे काका सांगायचे. ते जेवण वाढायचे खरे, पण त्यांचं अर्धं काम हे होतं. एका वर्षी त्यांच्या सांगण्यावरून मास्तरांनी एका तरुण व्यापाऱ्याला खाली धाडलं. जाताना तो तंबूच्या दारात उभा राहून सगळ्यांदेखत काकांना म्हणाला, "चुगलखोर!" काका हसले, पण तो शब्द कुसळासारखा आत राहून गेला.

त्या वर्षीच्या मोहिमेत आठ पाहुणे होते. त्यांत एक बँकेतल्या बाई, वय सेहेचाळीस. पाठीवर पाण्याचे कॅन बांधून त्या तीन वर्षं आपल्या इमारतीचे जिने चढत होत्या. शेजारच्यांना वाटायचं, बाईंच्या घरी नळाला पाणी येत नाही. हे त्यांनीच काकांना सांगितलं होतं आणि दोघं पोट धरून हसले होते. बाई आपलं ताट आपण घासायच्या. काकांना "काका" म्हणायच्या, पण तोंडातल्या तोंडात नाही, नीट थांबून, वडीलधाऱ्याला म्हणावं तसं.

मास्तरांच्या हाताखाली दुसरा गाइड होता तो काकांचा जावई. मुळातच अबोल, त्याचे हात मात्र बोलके. डोळे मिटून, हातमोजे घालून, वाऱ्यात उभं राहून तो दोराची कुठलीही गाठ मारायचा. काका त्याला चेष्टेनं "जावईबापू" म्हणायचे आणि त्याच्या वाटीत एक अंडं जास्त टाकायचे.

बाराव्या दिवशी दुपारी काका बर्फ वितळवायला बाहेर आले, तर तंबूमागे बाई ओणव्या झालेल्या. उलटी झाली होती आणि त्या बुटानं तिच्यावर बर्फ लोटत होत्या. काकांना पाहून त्या दचकल्या.

"ताई, डोकं दुखतंय?"

"थोडं. सकाळपासून." मग त्यांनी काकांचा हात धरला. "काका, मास्तरांना सांगू नका. उद्या वर जायचंय. मला परत येता येणार नाही. आई अंथरुणाला खिळलीय, भावानं कसेबसे दोन महिने कबूल केलेत. एक दिवसाचा तर प्रश्न आहे. उद्या बरं वाटेल मला."

"मास्तर नुसते दोन दिवस थांबवतील, ताई."

"आणि हवेचे चांगले दिवस निघून जातील. काका, तुमच्या पाया पडते."

त्या खरंच वाकल्या. काकांनी त्यांना घाईघाईनं धरलं. पुढे कितीतरी महिने काका स्वतःला विचारत राहिले की त्या क्षणी आपल्या मनात नक्की काय होतं. दया होती, हे खरं. पण नुसती दया नव्हती. एवढी शिकलेली, साहेबीण बाई आपल्या पाया पडते, आपल्या एका शब्दावर तिचं शिखर अडलंय, याचं कुठंतरी बरं वाटलं होतं. आणि चुगलखोर हा शब्द पुन्हा ऐकायचा नव्हता. ते म्हणाले, "बरं. पण भरपूर पाणी प्या."

संध्याकाळी बाईंनी दोन घास खाल्ले. उरलेलं काकांनी स्वतःच गुपचूप उचललं. चिमट्याचा आकडा कमी होता, पण तिथे सगळ्यांचाच कमी असतो. मास्तर तंबूत डोकावले.

"काका, ताटं काय म्हणतात?"

"सगळी लख्ख," काका म्हणाले.

मास्तरांनी मान हलवली आणि गेले. वीस वर्षांत त्यांनी काकांच्या शब्दावर दुसरा प्रश्न कधी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुकडी वर गेली. त्या दिवशी काही झालं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी, पहिल्या कॅम्पच्या वरच्या उतारावर, बाई दारू प्यायल्यासारख्या झोकांड्या खाऊ लागल्या. जावयानं त्यांना सरळ रेषेत चार पावलं चालायला सांगितलं, तर दुसऱ्याच पावलाला त्या बसल्या. त्याला नावानं हाक मारता येईना त्यांना. मेंदूला सूज आली होती. वॉकीटॉकीवर मास्तरांचा आवाज काकांनी खाली चुलीपाशी ऐकला: "इंजेक्शन दे, ऑक्सिजन लाव, आणि खाली आण. आत्ताच्या आत्ता. मी बाकीच्यांना घेऊन मागून येतो."

जावयानं बाईंना दोरानं स्वतःशी बांधून घेतलं आणि उतरायला लागला. वारा सुटला. आजारी माणसाला तिथे काय करतो ते कळत नाही. बाईंना एकदम गरम व्हायला लागलं, आणि त्याला कळायच्या आत त्यांनी दोन्ही जाड हातमोजे काढून दरीत फेकून दिले. त्यानं आपले काढून त्यांच्या हातांत चढवले. स्वतः आतल्या पातळ मोज्यांवर पाच तास दोर धरून राहिला. उजवा हात पूर्ण वेळ दोरावर होता.

बेस कॅम्पला आला तेव्हा उजव्या हाताची चार बोटं मेणासारखी पांढरी झाली होती. काकांनी कोमट पाण्याचं पातेलं पुढे ठेवलं आणि त्याचा हात त्यात धरला. बोटांत जीव परत येतो तेव्हा माणूस ओरडतो. जावई ओरडला नाही, म्हणाला, "बाई कशा आहेत?"

बाई वाचल्या. हेलिकॉप्टरनं दोघांनाही नेलं. बाई दहा दिवसांत हिंडू-फिरू लागल्या. जावयाची चार बोटं मधल्या सांध्यापासून काढावी लागली.

काकांची लेक गावातल्या इस्पितळात परिचारिका होती. नवऱ्याची मलमपट्टी तीच करायची. काका रोज जाऊन समोर बसायचे. ती एकदा पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "बाबा, मला एक समजत नाही. अशी सूज एका दिवसात येत नाही. आदल्या दिवशी काहीतरी दिसलं असणार. मास्तरांना दिसलं कसं नाही?"

काका म्हणाले, "उंचीवर काही सांगता येत नाही, पोरी."

मास्तरही तोच प्रश्न स्वतःला विचारत होते. कचेरीत कुजबुज होती की मास्तर आता थकले, नजर गेली. पावसाळ्यानंतरच्या हंगामात त्यांनी मोहीम घेतली नाही. गोदामात बसून तंबू मोजू लागले. एकदा ते काकांना म्हणाले, "ती माझ्यासमोर बसून सूप पीत होती रे. मी तिच्याकडे बघत होतो. काय चुकलं माझं?" काकांच्या तोंडात शब्द आले होते. त्यांनी चहाबरोबर ते गिळले. असे आठ महिने गेले. पाप आणि खोकला लपत नाही म्हणतात, पण काकांचं लपलं होतं, आणि तीच मोठी शिक्षा होती. झोपेत दात खायचे. बायको विचारायची, "काय होतंय?" ते म्हणायचे, "पित्त."

मग एका रविवारी बाई जावयाला भेटायला आल्या, हातात फळांची पिशवी घेऊन. त्याच्या हाताकडे बघून रडल्या. म्हणाल्या, "मला त्या चार दिवसांतलं काहीच आठवत नाही हो. बेस कॅम्पला बसलेय एवढं आठवतं, मग एकदम इस्पितळाचं छत." मग काकांकडे वळल्या, लेकीला सांगू लागल्या, "तुझ्या बाबांनी माझी किती काळजी घेतली! सख्ख्या काकांसारखी."

काका उठले आणि मोरीत जाऊन उगाच नळ सोडून उभे राहिले. आतापर्यंत गुपिताचे दोन मालक होते. आता ते एकटेच उरले होते. गप्प राहिले असते तर जगात कुणाला कधीच कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गोदामात गेले. मास्तर तंबूच्या खुंट्या मोजत होते.

"मास्तर, ताटं लख्ख नव्हती."

"कुठली ताटं?"

"त्या संध्याकाळची. बाईंनी दोन घास खाल्ले होते. दुपारी उलटी झाली होती. मी पाहिली होती. त्यांनी नको म्हटलं, मी सांगितलं नाही."

मास्तरांच्या हातातली खुंटी हातातच राहिली. मग हळू आवाजात म्हणाले, "आठ महिने मी माझ्या डोळ्यांना शिव्या घालतोय. आठ महिने! तू रोज माझ्यासमोर चहा पीत होतास." त्यांनी खुंटी फेकली नाही, आवाज चढवला नाही. "जा आता. मला बोलायचं नाही तुझ्याशी."

तिथून काका लेकीच्या घरी गेले. जावई घरीच होता. दोघांना बसवून त्यांनी सगळं सांगितलं, पाया पडल्याचं, बरं वाटल्याचंही. जावई खिडकीबाहेर बघत राहिला. लेक उभी होती ती उभीच.

"बाबा, तुम्ही सांगितलं असतं तर काय झालं असतं?" ती म्हणाली. "ती रडली असती. बस्स. रडली असती आणि घरी गेली असती."

तिनं दार उघडलं. वाद नाही, आदळआपट नाही. काका चपला घालून निघाले, तर डाव्या पायात उजवी घातली होती, हे त्यांना कोपऱ्यावर गेल्यावर कळलं.

बाईंना फोन करायला त्यांना आठवडा लागला. त्या ऐकून म्हणाल्या, "मी असं म्हणाले होते? पाया पडले होते?"

"हो, ताई."

"मग चूक माझीच आहे. तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?"

"ताई, तुम्ही आजारी होतात," काका म्हणाले. "मी नव्हतो."

मास्तर त्या उन्हाळ्यात पुन्हा मोहिमेवर गेले. काकांना त्यांनी नेलं नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात नेलं. का नेलं ते सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही. पहिल्या दिवशीचं बोलणं संपल्यावर मास्तर एवढंच म्हणाले, "आता आमचे स्वयंपाकी बोलतील," आणि बाहेर निघून गेले. बोलावं लागेल हे काकांना कुणी आधी सांगितलं नव्हतं. दहा माणसांसमोर कढईतला डाव हातात धरून त्यांनी जे घडलं ते सांगितलं. धड सांगता आलं नाही. मध्ये दोनदा थांबले. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आम्ही गप्प बसू, असं समजू नका," शेवटी ते म्हणाले. "काही दुखलं-खुपलं तर लगेच मास्तरांना सांगा. नाहीतर मीच सांगीन, आणि मग मला काय म्हणायचं ते म्हणा." चौथ्या दिवशी एका माणसाला मास्तरांनी खाली पाठवलं. जाताना त्यानं काकांकडे बघितलंही नाही. काकांना वाटलं होतं, असं काही झालं की ओझं थोडं उतरेल. उतरलं नाही. फक्त त्या दिवशी त्यांना झोप लागली.

जावयाला गोदामात काम मिळालं होतं. मोहिमेहून आलेले दोर तपासायचे. दोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातातून सरकवत न्यायचा, कुठे मऊ पडलाय, कुठे आतून तुटलाय ते बोटांनी ओळखायचं. तो ते डाव्या हातानं शिकला. मोहीम संपवून काका परतले त्या आठवड्यात लेकीचा फोन आला, दीड वर्षांत पहिल्यांदा.

"रविवारी मोकळे आहात का?"

"आहे ना, पोरी."

"ते आता तपासायला दोर घरी आणतात. मोठे आहेत. सरकवायला एक आणि गुंडाळायला एक, असे दोघं लागतात. माझी रविवारी ड्यूटी असते." आणि तिनं फोन ठेवला.

तेव्हापासून काका रविवारी जातात. जावई खुर्चीत बसून दोर सरकवतो, काका खाली सतरंजीवर बसून गुंडाळतात. "हळू," जावई म्हणतो. "ओढू नका. इथे मऊ लागतंय, खडू द्या." काका खडू देतात, तो खूण करतो. दोघं दोराबद्दल बोलतात, कधी हवेबद्दल. लेक ड्यूटीवरून येते तेव्हा काका बहुतेक निघालेले असतात, नसले तर ती "आलात?" म्हणते आणि आत जाते. बाकी कशाबद्दल अजून कुणी बोललेलं नाही.