हिंचक्याखालचा खांब

भटू मुकादमाला डाव्या कानानं अजिबात ऐकू यायचं नाही आणि उजव्यानं अर्धंमुर्धं, ही गोष्ट जगात एकट्या सरलाबाईला ठाऊक होती. सरलाबाई त्याची बायको. नवऱ्याची लाज आपणच झाकायची, म्हणून तिनंही कुणापाशी तोंड उघडलं नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं लूमच्या कारखान्यात गेलेली, मागांची खडखड दिवसभर डोक्यात. अहो, असे बहिरे झालेले खानदेशी सुरतेतल्या गोडादऱ्यात गल्लीगल्लीला भेटतील, त्यात लाजायचं काय? पण लूम सोडून भटू बांधकामावर मुकादम झाला होता, आणि बहिऱ्या मुकादमाला काम कोण देणार, ही धास्ती त्याच्या पोटात घर करून बसली होती. कुणी बोलायला लागलं की तो समोरच्याच्या ओठांकडे टक लावून बघायचा. नाहीच कळलं तर मान डोलवून "हां हां, होऊन जाईल" म्हणायचा आणि वेळ मारून न्यायचा. बरं, लोकांना वाटायचं, काय शांत माणूस आहे हो!

त्याच्या टोळीतले गडी, बाया, सगळी लूममधूनच आलेली. माग चालू असताना तिथं बोलणं शक्यच नसतं, म्हणून कारखान्यात हातांची भाषा चालते. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरले की माग बंद. उघडा पंजा म्हणजे थांब. मूठ हवेत फिरवली की चालू दे. रस्त्यावर ब्रेकर मशीन सुरू झालं की ही मंडळी अजून तसंच बोलायची, आणि म्हणून तर भटूचं इतके दिवस निभावलं.

रस्ता होता रांदेरच्या जुन्या बाजारपेठेचा. तापीपलीकडचं हे जुनं गाव आता सुरतेत जमा झालंय, पण बाजारातून चालताना तसं वाटत नाही. दोन्ही अंगांना लाकडी सज्ज्यांची घरं, खाली दुकान, वर बिऱ्हाड, दर्शनी बाजूला नक्षीचे खांब. मधल्या काळात त्यावर जाहिरातींचे पत्रे ठोकले, तारांची जाळी लटकली, कुणी हिरवा रंग फासला तर कुणी चक्क बाथरूमच्या फरश्या बसवल्या. ते सगळं उतरवून रस्त्याला जुनं रूप परत द्यायचं, खाली दगडी फरशी घालायची आणि दिवाळीच्या खरेदीआधी दुकानं उघडून द्यायची, असं काम निघालं होतं. कंत्राटदाराकडून देखरेखीला हर्षल नावाचा इंजिनीअर होता. नाशिककडचा तरुण पोरगा, बोलायला मऊ, कामाला चोख.

दुकानदार सुरुवातीला तयारच नव्हते. हात लावाल आणि घर अंगावर पाडाल, असं तोंडावर म्हणायचे. त्यांची समजूत काढली ती भटूनं. त्याचा बाप शिंदखेड्याकडे धाब्याची घरं बांधायचा. धाब्याचं घर म्हणजे वर मातीचं सपाट छत आणि खाली लाकडी खांब. सगळा भार खांबांवर, भिंत नुसती आडोशाला. पावसानं भिंत बसली तरी लोक आत निवांत भाकरी खातात, चार दिवसांनी सवडीनं भिंत बांधतात. भटू लहानपणापासून हेच बघत आलेला. बाजारात उभा राहून तो छातीठोक सांगायचा, "भिंत म्हणजे पांघरूण, शेठ. पांघरूण काढलं म्हणून माणूस मरतो का? घर खांबावर उभं असतं."

भाईदासकाकांना तर त्यानं शब्दच दिला होता. काकांचं खाली छत्र्यांचं जुनं दुकान, वरच्या खोलीत ते एकटे. गुडघे गेलेले, त्यामुळे सकाळी एकदा खाली आले की आले, बाकी सगळा दिवस हिंचक्यावर. छताच्या तुळईला पितळी कड्यांनी टांगलेला तो मोठा लाकडी झोपाळा. जेवण तिथं, पेपर तिथं, दुपारची डुलकीही तिथंच. हर्षल म्हणाला होता, काम होईपर्यंत काकांनी पुतणीकडे राहावं. काका ऐकेनात. तेव्हा भटू पुढे सरसावला.

"काका, तुम्ही खुशाल हिंचक्यावर बसा, चहा प्या. तुमच्या बशीत थेंब सांडला तर मला भटू म्हणू नका."

"बस ने, भटुभाई! तू बोल्यो, एटले थयुं," काका हसून म्हणाले. तू म्हणालास म्हणजे झालंच, असं. काका राहिले.

काकांच्या घराचं काम निघालं, त्या दिवशी सकाळी हर्षलनं दुकानासमोर उभं राहून, भटूच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं, "मुकादम, लोखंडी टेकू दुपारी येतायत. ते लागल्याशिवाय या भिंतीची वीट हलवायची नाही." भटूला हे स्वच्छ कळलं होतं, उगाच बहिरेपणावर ढकलू नका. कळूनही तो मनात म्हणाला, पोराला काय माहीत. हर्षल पुढच्या दुकानाकडे गेला तसा भटू कोपऱ्यातल्या नक्षीच्या खांबापाशी आला. मोर कोरलेला, तेलपाण्यानं काळा झालेला देखणा खांब. भटूनं बोटांच्या पेरांनी त्यावर टकटक केलं. भरीव लाकूड ठण्ण बोलतं, पोकळ असेल तर ढबढब वाजतं, हे त्याला बापानंच शिकवलेलं. पेरांना लाकूड टणक लागलं. त्यानं मान डोलवली.

मागे घमेलं घेऊन उभी असलेली सरलाबाई पुढे आली. तिनं त्याच्या दंडाला हात लावला, त्याला आपल्याकडे वळवलं आणि ओठ नीट हलवत अहिराणीत म्हणाली, "ललितना बाप, पोकळ वाजी ऱ्हायनं." पोराच्या नावानंच ती त्याला हाक मारायची. पोकळ वाजतंय, असं.

"काही पोकळ नई," तो फिस्कारला. "तू घमेलं उचल."

बायकोचं ऐकेल तर तो भटू कसला! आणि खरं सांगायचं तर त्याला पटलं होतं म्हणूनच तो जास्त चिडला. ती ऐकू शकते आणि आपण नाही, हे त्याला घरात चालायचं, कामावर चालायचं नाही. त्यानं पहार घेतली आणि खांबालगतच्या विटा खालून काढायला सुरुवात केली. बाहेर टोळीतला गजेंद्र ब्रेकरनं जुनं काँक्रीट फोडत होता, सगळा रस्ता थरथरत होता. सरलाबाईनं दोनदा मागे वळून पाहिलं.

विटा निघाल्या, तसा भटूनं खांब मोकळा करायला त्याला हात घातला. खांब त्याच्या हातात आला.

खांब कसला, फळी होती ती. पुढून मोर कोरलेली, मागून कोरीच. कधीकाळी कुणीतरी दुकानाचं तोंड रुंद करायला मूळ खांब कापला होता, वरची तुळई विटांवर टेकवली होती आणि शोभेसाठी पुढून नक्षीची फळी ठोकून दिली होती. आणि त्याच विटा भटूनं खालून काढल्या होत्या. उरलेल्या विटांच्या फटीतून चुना बारीक धारेनं गळायला लागला. त्यानं वर पाहिलं. तुळईचं टोक बोटभर खाली आलं होतं, आणि वरच्या खोलीचा, हिंचका टांगलेल्या छताचासुद्धा सगळा भार त्याच तुळईवर होता. हिंचका चालू होता.

सरलाबाई रस्त्यात धावली आणि तिनं छातीवर हातांची फुली केली. गजेंद्रनं एका झटक्यात ब्रेकर बंद केला. पलीकडच्यांनी जनरेटर बंद केला. लूमचे गडी, हाताची खूण दिसली की कारण विचारत बसत नाहीत. सगळा बाजार एकदम गप्प झाला.

आणि त्या शांततेत सगळ्यांनी माना वर केल्या. एकट्या भटूला कळेना लोक काय ऐकतायत. त्यानं गजेंद्रच्या तोंडाकडे पाहिलं, ते पांढरं पडलेलं. शेजारच्या कापडवाल्यानं कानावर हात दाबले होते. भटूला समजलं. लाकूड बोलत होतं आणि ते त्याच्याशिवाय सगळ्यांना ऐकू येत होतं.

हर्षल धापा टाकत आला. त्यानं विटा पाहिल्या, फळी पाहिली, भटूकडे एकदाच पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो सरळ समोरच्या घराच्या सज्ज्यावर चढला. गल्ली इतकी अरुंद की तिथून काकांची खोली हाताच्या अंतरावर दिसायची.

"काका, हिंचका पायानं थांबवू नका, झटका बसेल! पाय वर घ्या! आपोआप थांबू दे!"

"शुं थयुं, भाई?" काय झालं, असं काकांनी विचारलं.

"काका, पाय वर!"

काकांनी पाय उचलले, बशी छातीशी धरली. हिंचका मागे गेला, पुढे आला. प्रत्येक हेलकाव्याला तुळई कण्हत होती, असं नंतर सरलाबाईनं सांगितलं. भटूला दिसत होती फक्त चुन्याची धार, कधी बारीक, कधी जाड. जिना दर्शनी भिंतीला लागूनच होता, त्यामुळे काकांना खाली आणायचं तर आधी तुळईला आधार हवा. टेकूंची गाडी अजून तापीचा पूल ओलांडायची होती.

बाहेरच्या परांचीची एक जाड बल्ली, लांब लाकडी वासाच तो, भटूनं खांद्यावर घेतली. ती तुळईखाली उभी करायची आणि तळाशी पाचर ठोकून घट्ट बसवायची. पण एक घाव चुकीच्या वेळी बसला, तर उरलेल्या विटा सुटणार आणि काका, हिंचका, छत, सगळं त्याच्या डोक्यावर. लाकूड गप्प असेल तेव्हाच घाव घालायचा, आणि ते गप्प आहे की नाही हे त्याला या जन्मात कळणार नव्हतं.

तो दारात थांबला. समोर सगळा बाजार, त्याची सगळी टोळी, वर सज्ज्यावर साहेब. इतकी वर्षं झाकलेलं होतं.

"माले ऐकू येत नई!" तो ओरडला. स्वतःचा आवाज केवढा झाला हेही त्याला कळलं नाही. "साहेब, मी बहिरा आहे! सरला, तू ऐक, मला हातानं सांग!"

कुणी हसलं नाही. सरलाबाई पळत आत आली.

"तू बाहेर थांब," तो म्हणाला.

"बाहेरून काय ऐकू, कपाळ?" ती म्हणाली आणि तुळईचं दुसरं टोक जिथं धड भिंतीत शिरलं होतं, तिथं स्टुलावर चढून तिनं कान लाकडाला लावला. डोळे मिटले. एक हात वर धरला.

भटूनं बल्ली उभी केली, पाचर तळाशी सरकवली, हातोडा उचलला. सरलाबाईचा पंजा उघडा. थांब. हातोडा हवेतच. पंजा उघडाच. मग मूठ वळली आणि फिरली. त्यानं घाव घातला. पंजा लगेच उघडला. वरून एक वीट निसटली आणि त्याच्या पायाशी फुटली. तो जागचा हलला नाही, बायकोच्या हातावरची नजर काढली नाही. या हातानं आयुष्यभर भाकऱ्या थापल्या, माती वाहिली, आणि आपण सकाळी याच हाताला झिडकारलं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पुन्हा मूठ. घाव. पुन्हा पंजा, आणि या वेळी तो मिटेचना. काका वर काहीतरी म्हणत होते आणि हर्षल समोरून दोन्ही हातांनी त्यांना गप्प करत होता, हे त्याला नंतर कळलं. शेवटी मूठ फिरली. घाव. चुन्याची धार थांबली.

सरलाबाईनं डोळे उघडले. "बस," तिचे ओठ म्हणाले.

गजेंद्रनं काकांना पाठीवर घेऊन जिन्यानं खाली आणलं. काकांच्या हातात अजून बशी होती, पण चहा सगळा धोतरावर सांडलेला. ओट्यावर बसवल्यावर भटूनं त्यांचे पाय धरले आणि रडला. अगदी मोठ्यानं रडला, लाज सोडून.

टेकू आले, लागले. संध्याकाळी हर्षलनं त्याला समोर बसवलं आणि हळू, ओठ नीट हलवत बोलला. "मुकादम, ठोकून बघितलं होतं ना?"

"ठोकलं होतं साहेब. आवाज ऐकू आला नाही. वहिनी सांगत होती तुमची, तिचं ऐकलं नाही."

"उद्यापासून गजेंद्र मुकादम. मला दुसरं काही करता येणार नाही."

"बरोबर आहे," भटू म्हणाला. त्याला राग आला नाही. वाईट वाटलं, फार वाटलं, पण रात्री झोप लागली.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं घमेलं उचललं. आणि त्या रस्त्यावर यापुढे कुठल्याही खांबाला हात लावण्याआधी सरलाबाईला बोलावलं जाऊ लागलं. ती कान लावायची, गजेंद्र टकटक करायचा. भटू लांबून तिचा हात बघत राहायचा.

दिवाळीआधी काकांच्या घराला नवा सागवानी खांब बसला, मोराची फळी पुन्हा पुढे आली, आणि काकांनी दोघांना वर बोलावलं. तीन कप चहा ओतला. हिंचक्यावर हात आपटून म्हणाले, "बेस, भटुभाई." बस, असं.

भटू काठावर टेकला. पाय जमिनीला घट्ट रोवलेले, हातातली बशी स्थिर. काका काहीतरी चेष्टेनं म्हणाले, ते त्याला कळलं नाही, आणि त्यानं मानही डोलवली नाही. "ऐकू आलं नाही काका," तो म्हणाला, आणि सरलाबाईकडे पाहिलं.

ती उठली, खिडकीपाशी गेली आणि ज्या भिंतीखाली नवा खांब तुळईला भेटत होता, तिला कान लावून उभी राहिली. मग तिनं मूठ वर केली आणि फिरवली.

तेव्हा कुठं भटूनं पाय उचलले.