बटणामागच्या प्रतिक्रिया

नवीन जालन्यात बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत बसून मी बंद पडणाऱ्या वेबसाइटांची पानं जतन करतो. मतदारयाद्या, मतदानयंत्रं, निवडणुकीत काय सुधारायला पाहिजे, यावर लोक वर्षानुवर्षं तावातावानं लिहितात. मंग चालवणारा कंटाळतो आणि वेबसाइट गुल. मला बाजू कोणाचीच न्हाई. मी आपला गोळा करून ठेवतो.

परतूरच्या एका निवृत्त मास्तरांची अशीच वेबसाइट होती. बंद करायच्या आधी त्यांनी मला कळवलं. मी प्रोग्राम लावला, सगळे लेख उतरवले, चार-दोन उघडून पाहिले. बराबर होते. "सर, बिनघोर बंद करा," म्हणालो. त्यांनी केली.

थोड्या दिवसांनी हसनाबादच्या एक बाई आल्या. लग्नानंतर त्यांचं नाव माहेरच्या मतदारयादीतून निघालं, सासरच्या यादीत आलंच न्हाई. आता सुनावणी होती आणि तिथं जुन्या अर्जाची पोच दाखवायची होती. पोचेचा कागद हरवला, फोनही बिघडला. पण त्या पोचेचा फोटो त्यांनी मास्तरांच्या एका लेखाखाली, प्रतिक्रियेत टाकल्ता.

मी लेख उघडला. खाली 'सगळ्या प्रतिक्रिया पाहा' असं बटण होतं. दाबलं. काहीच उघडलं न्हाई. पुन्हा दाबलं, तेच. प्रोग्राम असली बटणं दाबत न्हाई, ती हातानं दाबून घ्यावी लागतात, न्हाईतर त्यांच्यामागचं काही उतरत न्हाई. मला हे पक्कं ठाऊक होतं. पण खाली नुसती तू-तू मैं-मैं असणार, असं धरून मी ती सोडून दिल्ती. अस्सा संताप आला स्वतःचा!

मास्तरांना फोन लावला. "माझ्याकडं काय राहतंय आता? तुम्हीच म्हणाले होते ना, बंद करा म्हणून!" ते म्हणाले.

बाईंना खरं ते सांगितलं. त्या ओरडल्या न्हाईत.

"त्यांनी नंतर माझ्यावर एक लेखच लिहिल्ता," त्या म्हणाल्या. "तो तरी हाय का?"

तो होता. चांगला लांबलचक, तळमळीनं लिहिलेला. त्यात अर्जाची सगळी हकिगत होती आणि बाईंचा उल्लेख 'एक भगिनी' असा होता. मी तो दोन पानांवर छापून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी दोन्ही पानं उभ्यानंच वाचली.

"दादा," त्या म्हणाल्या, "पण ही भगिनी मीच हाय, हे सुनावणीत कोण सांगल?"