पहिली बादली

"मले तिचा भरोसा नाही, भाऊ. म्हणून लक्ष ठेवून राहिली." विहिरीशेजारच्या मरीमायच्या ओट्यासमोर उकिडवी बसलेली म्हातारी शेंदूर फासलेल्या दगडावरची नजर न काढता हे सांगायची. पुजारीण आपल्याच देवीबद्दल असं बोलते, हे तुम्ही तरी कुठं ऐकलंय?

ऐंशीच्या दशकात मी सौंसरला आरोग्य खात्यात होतो. पावसाळा लागला की बोरगावकडच्या खेड्यांतल्या विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकायची, हे माझं काम. टाकल्यावर अर्धा तास पाणी भरू नका, असं मी घसा फोडून सांगायचो. ऐकतंय कोण?

म्हातारीचा मला पहिल्या दिवसापासून संशय. पावडर पडली की पहिली बादली ती ओढायची, देवीच्या डोक्यावर ओतायची आणि तिथंच बसून राहायची. ती उठेपर्यंत गावात कुणी विहिरीत दोर सोडत नसे. बाई माझ्या औषधाचा गुण देवीच्या नावावर खपवते, वर नारळही घरी नेत असणार, असं मी धरून चाललो होतो. आमच्या घरातले देव वडिलांनी माझ्या जन्माआधीच कन्हान नदीत सोडलेले. त्यामुळे असल्या बायांची आपल्याला पारख आहे, अशी माझी घमेंड.

एकदा विचारलंच, एवढं काय बघता?

"औषध तिले मानवते का, पाहून राहिली. हैजा तीच आणते. माझे दोन पोरं तिनंच नेले."

"मग तिलाच कशाला पुजता, मावशी?"

"भले देव कोणाचं काय वाईट करते? त्याइले पुजलं काय, नाही पुजलं काय. माझ्या नातीले हात लावू नको, हे जी हात लावते तिलेच सांगा लागते."

मला ते पटलं नाही. त्या पावसाळ्यात आजूबाजूच्या गावांत माणसं हैज्यानं, म्हणजे कॉलऱ्यानं, आडवी झाली, तिच्या गावात कुणी नाही. त्याचं श्रेय अर्थात मी घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात म्हातारी गेली. वयच झालं होतं. पावसाळ्यात मी विहिरीत पावडर टाकली आणि वळतोय तोच धडाधड बादल्या पडल्या. सगळ्यांत पुढं तिची नात. मी ओरडलो, थांबा म्हणालो. कुणी मान वर केली नाही. तो अर्धा तास माझा कधीच नव्हता, म्हातारीचा होता. मला तिची फार आठवण आली, आणि लाज वाटली.

नातीच्या हातातली भरलेली बादली घेतली आणि देवीच्या डोक्यावर ओतली. मग ओट्यासमोर उकिडवा बसलो. मागं दोर थांबले.

खरं तर घड्याळ बघायला हवं होतं. मी देवीकडेच बघत होतो. भरोसा मलाही नव्हता.