खालची बाजू

त्याला सगळे दोरखंड म्हणत. अंगावर मांस नावाला, पण चौथ्या मजल्यावरून लोखंडी कपाट उतरवायचं असलं की व्हॅनच्या मालकाला त्याचीच आठवण येई. घर बदलणाऱ्यांचं सामान हलवणं हा त्याचा धंदा. खांद्यावर पट्टा, काखेत जुनी घोंगडी आणि तोंडी एकच तक्रार: लोकांना इतक्या वस्तू लागतात तरी कशाला? स्वतःच्या घरात त्याने जड असं काहीच येऊ दिलं नव्हतं. बायकोने एकदा मोठ्या कपाटाचा विषय काढला, तर म्हणाला, "घे की. ज्याच्याकडून घेशील त्यालाच आत आणायला सांग, आणि आपण घर सोडू तेव्हा पुन्हा त्यालाच बोलाव." बायकोने विषय सोडला.

त्याचा जोडीदार मामा. हा मामा कोणाचाही मामा नव्हता. दोरखंड कामाला लागला तेव्हाही तो मामाच होता. बोलणं बेताचं. जिन्यात "हं" म्हणजे उचल, "टेक" म्हणजे ठेव, बाकी भाषेवाचून त्याचं काही अडत नसे. जिना उतरताना मामा खाली आणि दोरखंड वर, ही त्यांची ठरलेली रीत. वजन सगळं खालच्यावर येतं, वरचा निम्मा वेळ नुसता धरून असतो, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण रोज घडणाऱ्या गोष्टीचा विचार कोण करतं? दोरखंडाने तरी केला नव्हता.

विचार करायचा तो फक्त पोराचा. त्याला एकच पोरगा, आणि त्या पोराने पुढे खुर्चीत बसावं एवढीच दोरखंडाची इच्छा. फिरणाऱ्या खुर्चीत. ऑफिसं हलवताना तशा खुर्च्यांच्या चळती त्याने व्हॅनमध्ये रचल्या होत्या, बसला मात्र एकीतही नव्हता.

शाळा निवडली ती बायकोने. ती लॉन्ड्रीत इस्त्री करायची आणि गावातल्या सगळ्या शाळांचे शर्ट तिच्या हाताखालून जायचे. फादर लोक चालवत त्या मुलग्यांच्या शाळेवर तिने बोट ठेवलं ते कॉलर बघून. "या शाळेच्या कॉलरी सगळ्यात जास्त मळतात," ती म्हणाली. "म्हणजे पोरांना तिथे नुसतं बसवून ठेवत नाहीत." आता ज्याला पोरगा बसलेलाच हवा होता, त्याने यावर काय बोलावं? तो म्हणाला, "पण आपण काही त्यांच्या चर्चचे नाही." ती म्हणाली, "कॉलरीला चर्च नसतं." झालं, शाळा ठरली.

प्रवेशाआधी पालकांना एका संध्याकाळी बोलावलं होतं. मुख्य फादर उंच, वाकलेले, बारमाही सर्दीचे. त्यांनी प्रयोगशाळा दाखवली, मैदान दाखवलं, चॅपेल दाखवलं, गाणारी पोरं दाखवली. दोरखंड सगळीकडे हेच बघत होता, की हे हलवायचं झालं तर किती खेपा होतील. चॅपेलमधला पियानो बघून त्याने मनातल्या मनात दाराची रुंदीसुद्धा मोजली. शेवटी फादर म्हणाले, काही विचारायचं असेल तर विचारा. दोरखंड उभा राहिला.

"पोरगा इथून बाहेर पडेल तेव्हा होईल काय?"

फादरांनी नाक पुसलं. "ते आम्हालाही आधी कळत नाही. पण कोणाला गरज लागली तर तो तिथे उभा राहील, एवढं आम्ही बघतो."

घरी येताना दोरखंड रस्ताभर धुमसत होता. "उभा राहील? उभं राहायला शाळा कशाला लागते? मी काय लोळत असतो?"

तेव्हापासून जो गोंधळ सुरू झाला तो वाढतच गेला. पोरगा गुडघे फोडून यायचा आणि हसायचा. आवाज फुटत असताना गायला लागला, आणि गाणं संपेपर्यंत आईबाप तोंड दाबून बसायचे. स्वतःचं ताट स्वतः घासायला लागला. एका संध्याकाळी तर बापाशेजारी बसून म्हणाला, "बाबा, आज तुमचा दिवस कसा गेला?" दोरखंडाने आधी खिडकीच्या काचा बघितल्या.

"काय फोडलंस?"

"काही नाही."

"मग शाळेने विचारायला सांगितलंय का?"

"नाही. असंच."

असंच! दोरखंड रात्रीचं जेवण होईपर्यंत पोराकडे संशयाने बघत राहिला. आपल्या आयुष्यात असंच कोणी काही विचारलं नव्हतं, आणि आपणही कोणाला विचारलं नव्हतं, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

मग ती दुपार आली. शाळेमागच्या गल्लीत एका घराचं सामान उतरवत होते. मोठं आरसेवालं कपाट. मधल्या मजल्यावर मामा म्हणाला, "टेक." दोघे दम खात उभे राहिले. समोर खिडकी, आणि खिडकीतून शाळेची व्यायामशाळा अगदी हात लावावा इतकी जवळ. आत सहा पोरं एक लांबोडकी पेटी खांद्यावर घेऊन चालत होती. हळू, एकेक पाऊल. शेजारी व्यायामाचे सर, पाठीमागे हात बांधून.

"पुढे डावीकडे तुझा ना?" मामाने विचारलं.

दोरखंडाचाच होता. मान ताठ, गाल पेटीला टेकलेला.

मामा बराच वेळ बघत होता. "छान पाऊल टाकतोय," तो म्हणाला. "आपल्याला कोणी असं शिकवलं नाही बघ." मामाच्या मानाने हे भाषणच झालं. पण दोरखंडाला ते ऐकूच गेलं नाही. त्याच्या डोक्यात घण पडत होते. आपण जन्मभर ओझी उचलली, पोराने उचलू नयेत म्हणून शाळेत घातला, आणि शाळा याला उचलायला शिकवते!

संध्याकाळी पोरगा घरात शिरताच त्याने धरलं. "काय वाहत होतास?"

"पेटी."

"कसली?"

"शवपेटी. आत वाळूची पोती असतात."

"कोणाची पेटी?"

"अजून कोणाची नाही."

बायको इस्त्री ठेवून बाहेर आली. पोराने शांतपणे सांगितलं. गावात कोणी एकटं मेलं, खांदा द्यायला माणसं नसली, की शाळेला फोन येतो. मोठ्या वर्गातली सहा पोरं जातात. मेलेला कुठल्या देवाचा, कुठल्या घरचा, कोणी विचारत नाही.

"मार्क मिळतात?" दोरखंडाने विचारलं.

"नाही."

"मग मिळतं काय?"

पोरगा विचारात पडला. "काही नाही," तो म्हणाला, आणि जेवायला बसला. त्याच्या तोंडावर कसलाच कमीपणा नव्हता. दोरखंडाने बायकोकडे बघितलं. तिला रडू येत होतं की हसू, तेही त्याला कळेना. त्याने मात्र ठरवून टाकलं: टर्म संपली की दाखला काढायचा. ज्या शाळेत मुलं खुर्चीत बसतात आणि खुर्चीतच राहतात, अशा एखाद्या शाळेत घालायचं.

दुसऱ्याच दिवशी तो फादरांना भेटायला गेला. तावातावाने बोलला. फादरांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा शिंकले.

"पोरगा तुमचा आहे," ते म्हणाले. "टर्म संपली की या, दाखला तयार असेल. फक्त त्याला तुम्ही सांगा, मी सांगणार नाही. पहिल्या दिवशी पेटीला हात लावायला सगळी मुलं बिचकत होती. हा पुढे आला. म्हणाला, मला येईल, माझे बाबा उचलतात."

दोरखंड खुर्चीच्या कडेला टेकून बसला होता, तो उठलाच. हा टोमणा की कौतुक? लाजायचं की छाती फुगवायची? ज्या कामापासून पोराला लांब ठेवायचं, तेच काम पोरगा शाळेत मिरवून सांगतो? तो फादरांचा निरोप न घेताच बाहेर पडला आणि चुकीच्या दाराने मैदानात जाऊन उभा राहिला. पोराला सांगायचं मात्र राहून गेलं. आज सांगू, उद्या सांगू, असं करत टर्म संपत आली.

एका सकाळी व्हॅन येऊन थांबली आणि मामा आला नाही. मामा कधी उशिरा येत नसे. दोरखंड त्याच्या खोलीवर गेला, घरमालकिणीने दार उघडलं. मामा कॉटवर कुशीवर झोपलेला होता, झोपेतच गेलेला. खोलीत एक खुर्ची, एक रेडिओ, खुंटीवर पट्टा. हलवण्यासारखं सामान काहीच नव्हतं. दोरखंड त्या खुर्चीत मटकन बसला.

पुढचे दोन दिवस त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मामाचं खरं नाव काय? घरमालकिणीकडे एक होतं, मालकाकडे दुसरंच. नातेवाईक? कोणालाच माहीत नाही. देव? तोही माहीत नाही, आणि अशांना गावात पेटीतूनच पुरत. दुसरी जोडी सामान घेऊन परगावी गेलेली, ड्रायव्हरची कंबर धरलेली, मालक म्हातारा. शवपेट्यांच्या दुकानदाराने विचारलं, "खांद्याला माणसं किती आहेत?" दोरखंड म्हणाला, "मी." दुकानदाराने मान हलवली आणि फोन उचलला. कुठे लावतोय हे दोरखंडाला नंबर फिरण्याआधीच कळलं.

पोरं आली. इस्त्रीचे शर्ट, विंचरलेले केस. सोबत व्यायामाचे सर आणि रुमाल घेऊन फादर. एकाचा घोटा फुटबॉलमध्ये मुरगळला होता, म्हणून पाचच. दोरखंड सहावा झाला. शवागाराच्या दारातून खाली दफनभूमीपर्यंत लांब दगडी पायऱ्या होत्या. तो पेटीला हात घालणार, इतक्यात पोरगा पुढे आला.

"बाबा, थांबा. उचलण्याआधी आम्ही एक विचारतो. त्या माणसाबद्दल काहीतरी एक. सांगायला कोणी नसलं तर सर म्हणतात, हा एक माणूस होता, आणि मग आम्ही उचलतो. आज तुम्ही आहात."

पाचही पोरं त्याच्याकडे बघत होती. इतकी वर्षं एका वजनाची दोन टोकं धरली, आणि मामाला भाऊ होता की नाही हेही ठाऊक नाही. याची त्याला एवढी शरम वाटली की तिथून निघून जावंसं वाटलं.

"जिना उतरताना," तो शेवटी म्हणाला, "ते नेहमी खाली असायचे."

"खाली म्हणजे?" एका पोराने विचारलं.

"वजन खालच्यावर येतं. वरच्याचा हात सुटला तरी सामान पडतं ते खालच्याच्या अंगावर."

"पहिल्यापासून तेच खाली?" त्याच्या पोराने विचारलं.

"नाही. आधी आम्ही पाळीपाळीने असायचो. मग एक दिवस मी कामावर गेलो, सांगितलं की मला मुलगा झाला. मामा म्हणाले, बरं झालं. आणि म्हणाले, आजपासून मी खाली."

बोलता बोलता तो थांबला. "मला वाटलं, यांना ताकद दाखवायची हौस आहे," तो म्हणाला. इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेली गोष्ट त्याला आत्ता कळली, आणि ज्याला सांगायची तो पेटीत होता. तो पोरांदेखत रडला. फादरांनी नाक पुसलं. सर्दी असेल.

पायऱ्यांकडे तोंड करून सगळे उभे राहिले तेव्हा दोरखंड पुढच्या कोपऱ्यावर गेला. उतरताना पुढचे तेच खाली. पोराने त्याचा दंड धरला.

"तुम्ही मागे या. इथे मी."

"अरे, आज तरी मला..."

"मागे या, बाबा."

दोरखंड मागे गेला. पोरगा म्हणाला, "हं." पेटी वर आली. दोरखंडाचे पाय सवयीने झपझप पडू लागले, सामान जितक्या लवकर खाली टेकेल तितकं बरं, हीच त्याची जन्माची चाल. पुढून दबका आवाज आला, "हळू, बाबा. कुठे पोचवायची घाई नाही." त्याने पाऊल आवरलं. खालून पोराने वजन घेतल्याचं त्याला खांद्यावर स्पष्ट कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला ओझं खाली ठेवू नये असं वाटत होतं.

संध्याकाळी बायको लॉन्ड्रीतून आली तेव्हा तो मोरीत पोराचा शर्ट घासत बसला होता. साबणाचा पार चिखल केला होता.

"अहो, कॉलर घासा," ती म्हणाली. "खांदा काय घासताय?"

"खांदाच मळलाय," तो म्हणाला. "आणि जरा नीट इस्त्री करून दे. टर्म संपली तरी पुढच्या टर्मला लागेल त्याला."